अंगणातील येझदी: आधी चालती करावी, मग रंगवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची 1979 सालची येझदी 250 ही मोटारसायकल नागपूरच्या महाल भागातील आपल्या घराच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली 2008 पासून उभी आहे. किक खाली जात नाही, टाकी आतून गंजली आहे आणि आरसी बुक अजूनही दिवंगत वडिलांच्याच नावावर आहे. येत्या जुलैमधील जावा-येझदी दिनापर्यंत, म्हणजे जावा आणि येझदी या जुन्या भावंड-गाड्यांच्या चाहत्यांच्या दिवसापर्यंत, ती घरीच तयार करावी, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी या रविवारी सगळी गाडी सुटी करून फ्रेम हिंगणा एमआयडीसीत पावडर कोटिंगला (भुकटीचा रंग भट्टीत भाजून चढवण्याला) द्यावी, चकाकणारे भाग क्रोमला पाठवावेत आणि तोवर इंजिन उघडावे, असा बेत आपण कळवला आहे. हे घरी जमेल का आणि हा क्रम बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे.

घरी नक्की जमेल. येझदीचे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आणि हवेवर थंड होणारे आहे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाचा पंप नाही. बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणे), क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा दाबून जोडणे आणि क्रोम ही तीन कामे सोडली तर बाकी सर्व काम चांगल्या पान्यांचा संच, घट्ट बसलेले भाग ओढून काढणारा एक पुलर, बारीक फट मोजणारे एक फीलर गेज आणि भरपूर सबुरी यांच्या बळावर अंगणात होते. क्रम मात्र पूर्णपणे उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी आधी जुन्याच रंगात, जुन्याच डागांसह चालती आणि थांबती करावी, तीनचारशे किलोमीटर फिरवावी, आणि त्यानंतरच रंगासाठी सुटी करावी.

गेली 22 वर्षे मी नागपुरात जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घरीच दुरुस्त करतो आहे. या काळात अर्धवट राहिलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतील बहुतेक पोत्यांत भरून आल्या. पहिल्याच रविवारी उत्साहाने सगळे सुटे केले, फ्रेम चकचकीत होऊन परत आली, पैसे रंगात आणि क्रोममध्ये संपले आणि क्रँकची वेळ आली तेव्हा कोणता वायसर कुठला हे कोणालाही आठवेना. दुसरे कारण असे की इंजिनातील चूक इंजिन चालल्यावरच कळते. नव्या रंगाच्या फ्रेममधून इंजिन दुसऱ्यांदा उतरवताना पाना एकदा जरी निसटला, तरी महिन्याभराच्या मेहनतीवर ओरखडा उठतो. जावा-येझदी दिन जुलैच्या दुसऱ्या रविवारी येतो. त्या तारखेसाठी घाई केली तर रंगकाम नेमके मृगाच्या पावसात येईल, आणि त्या हवेत रंग नीट बसत नाही. म्हणून यंदाची तारीख मनातून काढून टाकावी, ही पहिली विनंती.

या रविवारी फक्त तीन कामे करावीत. पहिले, गाडीचे सर्व बाजूंनी पन्नाससाठ फोटो काढावेत. विशेषतः वायरी कुठून जातात, केबली हँडलला कशा वळसा घेतात आणि कोणत्या बोल्टखाली किती वायसर आहेत, हे जवळून टिपावे. दुसरे, सीट उचलून, एअर फिल्टरचा डबा उघडून आणि दोन्ही सायलेन्सरच्या टोकांत टॉर्च मारून साफसफाई करावी. आपल्याकडे उघड्यावर राहिलेल्या गाडीत कुंभारमाशी हमखास मातीचे घर करते. मी एका गाडीच्या सायलेन्सरमधून ओंजळभर माती काढली आहे. तिसरे काम कागदाचे आहे. फ्रेमवरील चेसिस क्रमांक आणि इंजिनवरील क्रमांक मऊ कापडाने आणि घासलेटाने पुसावेत, त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी, ठसा घ्यावा आणि तो आरसीवरील क्रमांकांशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहावा.

कागदांचे काम मी मुद्दाम खर्चाच्या आधी सांगतो आहे. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना क्रमांक 31 आहे. त्यासोबत मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती लागते, आणि घरातील सर्वांच्या सह्या आज मिळणे सोपे असते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी नमुना क्रमांक 25 आहे. त्या वेळी गाडी प्रत्यक्ष तपासली जाते, शिवाय थकलेला पर्यावरण कर भरावा लागतो. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 20,000 रुपये भरून 10 वर्षांची विंटेज नोंदणी मिळते. परंतु आपल्या गाडीला 2029 मध्ये 50 वर्षे होतील, आणि विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. त्यामुळे आपल्यासाठी साधे नूतनीकरणच योग्य आहे. जुना क्रमांक कोणत्याही परिस्थितीत घासू नये, त्यावर पुट्टी भरू नये आणि जाड पावडर कोटिंगचा थर तर अजिबात चढू देऊ नये. तपासणीत क्रमांक वाचता आला नाही, तर निर्दोष गाडीसुद्धा संशयात सापडते.

आता किकविषयी. ती खाली जात नाही म्हणून कोणीही तिच्यावर उभे राहू नये. येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. अडकलेल्या इंजिनावर जोर दिला की आतील यंत्रणेचे दात तुटतात, आणि ते दात बदलायला संपूर्ण इंजिन फोडावे लागते. त्याऐवजी प्लग काढावा, आत टॉर्च मारावी आणि पिस्टन वर आहे की खाली ते पाहावे. मग उजवीकडचे झाकण काढून डायनॅमोच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, रोटरच्या मधल्या बोल्टवर पाना लावावा आणि अगदी हलक्या हाताने क्रँक पुढेमागे हलतो का ते बघावे. बोल्टच सैल होऊ लागला तर तिथेच थांबावे. क्रँक हलत असेल आणि तरीही किक अडत असेल, तर दोष किकच्या यंत्रणेत आहे. वर्षानुवर्षे एकमेकींना चिकटून बसलेल्या क्लचच्या बुचाच्या प्लेटी सोडवाव्या लागतीलच, पण तो वेगळा आणि तुलनेने सोपा आजार आहे.

क्रँक हलत नसेल तर पिस्टन किंवा बेअरिंग गंजाने धरले आहे. डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचे तेल समप्रमाणात मिसळून प्लगच्या भोकातून साधारण 50 मिली ओतावे, प्लग हाताने बसवावा आणि आठवडाभर थांबावे. मधून मधून पुन्हा थोडे ओतावे, कारण पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या, उघडे असतील तर तेल सायलेन्सरकडे उतरते. नंतर चौथा गिअर टाकून मागचे चाक दोन्ही हातांनी पुढेमागे झुलवावे. झटका नको, झुलवणे हवे. माझ्या अनुभवात अशा दहा गाड्यांपैकी सातआठ याच उपायाने सुटतात. तरीही सुटली नाही तर हेड उतरवावे आणि पिस्टनवर बोअरच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. मात्र पिस्टन अगदी तळाशी असेल तर ठोकू नये, कारण तेव्हा प्रत्येक ठोका थेट क्रँकपिनवर, म्हणजे क्रँक आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेवर, बसतो.

इंजिन सुटले म्हणून लगेच सुरू करण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण टू-स्ट्रोकचा खरा जीव क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, असतो आणि तिथे 17 वर्षांचे दव साचलेले असते. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील, म्हणजे तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, असतात. रबर वाळून त्यांच्या ओठांना शाफ्टवर पकड राहत नाही. डावीकडील सील गेले तर क्लच आणि गिअरबॉक्सचे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते; गाडी पांढरा धूर ओकते, प्लग काळा आणि ओला होतो, गिअरबॉक्सची पातळी आपोआप उतरते. हा दोष निदान दिसतो तरी. उजवीकडील, म्हणजे डायनॅमोच्या बाजूचे सील गेले तर आत कोरडी हवा शिरते. मिश्रणात हवा वाढते, पेट्रोल कमी पडते आणि पेट्रोलसोबत येणारे तेलही कमी पडते. हा दोष धूर काढत नाही, तो थेट पिस्टन पकडतो.

माझ्या पहिल्या जावावर हेच घडले. रंग उत्तम झाला होता, टाकीवर सोनेरी रेघा होत्या, आणि सील मात्र मी हाताने दाबून ‘चांगली आहेत’ असे ठरवून तशीच ठेवली होती. रामटेकला जाताना मनसरच्या अलीकडे थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग उतरेना. मला वाटले, केबल अडकली. मिनिटभरात आवाज धातूसारखा कोरडा झाला आणि मागचे चाक जागीच अडकले. क्लच दाबायला उशीर झाला असता तर मी रस्त्यावर पडलो असतो. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनच्या सायलेन्सरकडील बाजूला ॲल्युमिनियम पुसल्यासारखे पसरले होते. तेव्हापासून जुने सील हाताला कितीही मऊ लागले तरी मी ते बदलतोच. मिळाल्यास व्हायटॉन या खास रबराचे सील घ्यावे, कारण आता पंपावरील पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते साध्या रबरापेक्षा व्हायटॉनला कमी त्रास देते.

सील बदलण्यासाठी केसिंग (क्रँककेस) उघडणारच आहोत, तर क्रँकही तिथेच तपासावा. कनेक्टिंग रॉड हातात धरून वरखाली ओढावा; या दिशेने खेळ अजिबात जाणवता कामा नये, डावीउजवीकडे किंचित सरकणे मात्र स्वाभाविक आहे. मुख्य बेअरिंगे डिझेलने धुऊन, कोरडी करून बोटाने हळू फिरवावीत. आत वाळू अडकल्यासारखी खरखर लागली तर गंजाचे खड्डे पडले आहेत आणि ती बेअरिंगे टाकून द्यावीत. केसिंगचे दोन भाग स्क्रूड्रायव्हर खुपसून कधीही उचकटू नयेत, कारण तेथील ॲल्युमिनियमच्या कडेवर पडलेला ओरखडा म्हणजे हवेला कायमची वाट. विजेच्या हॉट प्लेटवर केसिंग समान तापवावी. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र होऊन उडाला की ती पुरेशी तापली. मग जुने बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली पडते, आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेले नवे बेअरिंग हाताने बसते. क्रँकपिन बदलायची वेळ आली तर ते काम हायड्रॉलिक प्रेस आणि डायल गेज असलेल्या लेथवाल्याकडेच द्यावे. दोन्ही शाफ्टांवरील फरक 0.03 मिलिमीटरच्या आत आला आहे, हे गेजच्या काट्यावर स्वतः उभे राहून पाहावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

इंजिन पुन्हा बांधल्यावर एक चाचणी मी कधीही टाळत नाही. कार्बोरेटरचे तोंड आणि सायलेन्सरची दोन्ही तोंडे रबरी बुचांनी घट्ट बंद करावीत. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ त्यांपैकी एका बुचात बसवलेल्या नळीला जोडावे आणि काटा 250 पर्यंत चढवावा. पाच मिनिटे काटा जवळपास तिथेच राहिला तर इंजिन हवाबंद आहे. उतरू लागला तर पॅकिंगच्या सांध्यांवर आणि डायनॅमोकडील सीलवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. मनसरच्या रस्त्यावर मला जे कळले, ते अंगणात बसून, शंभरदोनशे रुपयांच्या यंत्राने कळू शकले असते.

सिलिंडरचा मूळ बोअर 65 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75 मिलिमीटर असतो. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर बोअर करावेच लागेल, आणि पिस्टन 0.25 मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. आधी पिस्टन विकत घ्यावा, नंतर तोच पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्यावे; उलट करू नये. सिलिंडर परत आल्यावर प्रत्येक पोर्टच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडले, म्हणजे बोअरनंतर कडा मारलेल्या नाहीत. फोर-स्ट्रोकचे काम रोज करणाऱ्या कारागिराकडून ही गोष्ट सहज राहून जाते, पण टू-स्ट्रोकमध्ये रिंग प्रत्येक फेरीला पोर्टवरून जाते आणि धारदार कडेला अडकून तुटते. बारीक कानस आणि नंतर तेल लावलेला पॉलिश पेपर घेऊन सर्व पोर्टच्या कडा किंचित गोल कराव्यात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडातील फट 0.2 ते 0.3 मिलिमीटर आहे ना ते पाहावे, आणि पिस्टन चढवताना रिंगची दोन्ही तोंडे खोबणीतील पिनेवरच आली आहेत याची खात्री केल्याशिवाय सिलिंडर खाली ढकलू नये.

टाकीसाठी महागडी रसायने लागत नाहीत. उरलेले पेट्रोल बाहेर मोकळ्या जागी काढावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत दूरवर पसरते, त्यामुळे हे काम तुळशीपुढे दिवा लागण्याच्या वेळेला, किंवा कूलरची मोटर सुरू असलेल्या खिडकीजवळ, मुळीच करू नये. टाकी साबणाच्या पाण्याने दोनतीनदा धुतल्यावर कोमट पाण्यात लिटरला 100 ग्रॅम या प्रमाणात लिंबूसत विरघळवून ती काठोकाठ भरावी आणि एक दिवस ठेवावी. काळपट पिवळे पाणी ओतल्यावर आतील पत्रा राखाडी दिसू लागतो. लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि नंतर साध्या पाण्याने धुवावी. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा पडतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या सकाळी करावे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात टाकी अर्ध्या तासात खडखडीत वाळते. वाळताच टू-स्ट्रोक तेल मिसळलेले थोडे पेट्रोल आत फिरवावे. गळणारी टाकी मात्र घरी झाळू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही स्फोट होण्याइतकी वाफ असते.

कॉकमधील बुचाचा वायसर आणि पेट्रोलची नळी नवी घालावी. कार्बोरेटर मूळचा जिकोव्ह असेल किंवा नंतर कोणी मिक्युनी बसवला असेल. दोन्हींचा आजार एकच असतो. वाटी उघडल्यावर तळाशी गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर आणि जुन्या वार्निशचा वास येईल. सर्व जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे तुकडे, काढून थिनरमध्ये बुडवून ठेवावेत. पायलट जेटचे भोक आकाशाकडे धरून पाहावे, ते पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. लोखंडी तार घालू नये, तिने भोक मोठे होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. टूथब्रशचा एक नायलॉनचा केस पुरतो.

विजेचे काम सुटसुटीत आहे. या गाडीत 6 व्होल्टची बॅटरी, कॉइल आणि ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट असतात. बॅटरी मेलेली असेल तर ठिणगी येत नाही, आणि अनेक लोक इथेच कार्बोरेटरला दोष देत बसतात. पॉइंटचे तोंड साफ करून फट 0.4 मिलिमीटर आणि प्लगची फट 0.6 मिलिमीटर ठेवावी. पॉइंटसोबतचा कंडेन्सर न तपासता नवा घालावा. थंड असताना चालणारे आणि तापल्यावर बंद पडणारे इंजिन बहुतेक वेळा कंडेन्सरचाच बळी असते. वायरींचे वेष्टण बोटांत चुरा होत असेल तर संपूर्ण लूम (वायरींचा जुडगा) नवा बांधावा आणि बॅटरीजवळ फ्यूज अवश्य टाकावा. 12 व्होल्टचा बदल आताच करू नये. मूळ डायनॅमो नीट चालत असेल तर दिवा संध्याकाळच्या रस्त्यापुरता पुरतो, आणि मूळ यंत्रणा एकदा फेकली की ती परत मिळवणे कठीण असते.

ब्रेक आणि टायर यांत काटकसर नको. टायर वरून कितीही चांगले दिसोत, 17 वर्षांचे रबर दगडासारखे झालेले असते. ट्यूबसह नवे घ्यावेत आणि कडेवरील चार आकडी तारीख, म्हणजे कितवा आठवडा आणि कोणते वर्ष, पाहूनच घ्यावेत. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतील धूळ फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. चारही शूंचे लायनर, दोन्ही चाकांची बेअरिंगे आणि सर्व केबली नव्या घालाव्यात. नटबोल्ट इतवारीतील लोहाओळीत मापाने निवडून मिळतात. मात्र मूळ बोल्टचे डोके शाबूत असेल तर तोच स्वच्छ करून वापरावा.

आता गाडी जुन्याच रंगात सुरू करावी. पहिले 500 किलोमीटर प्रत्येक लिटर पेट्रोलला 40 मिली टू-स्ट्रोक तेल मिसळावे, तेलाच्या डब्यावर एफसी किंवा एफडी अशी दर्जाची खूण असावी. मिश्रण आठपंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. सुरुवातीला दहा किलोमीटर, मग पूर्ण थंड करणे, मग वीस किलोमीटर, असे वाढवत न्यावे. एकाच वेगाने चालवत राहू नये आणि चढावर इंजिनाला रडवू नये.

जेट ठरवताना नागपूरचा ऋतू लक्षात घ्यावा. मे महिन्यात 45 अंशांच्या हवेत अगदी नेमका जुळवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे 8 अंशांना कमी पडतो, कारण थंड हवा सुमारे 13 टक्के अधिक दाट असते आणि त्या प्रमाणात पेट्रोल मात्र वाढत नाही. म्हणून उन्हाळ्यात जुळवणी करणार असाल तर जेट किंचित मोठाच ठेवावा. प्लगचे टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखे तपकिरी असावे. पांढरट दिसले तर गाडी पुढे चालवू नये.

रंगाचा निर्णय या फेरफटक्यांनंतर घ्यावा, आणि तो घेताना गाडीकडे नीट पाहावे. टाकीच्या बाजूच्या ज्या रबरांवर आपल्या वडिलांचे गुडघे पंचवीसएक वर्षे टेकले, ती रबरे नवी आणून लावता येतील, पण त्यावरील झीज कुठेही विकत मिळणार नाही. मूळ रंग साठसत्तर टक्के शिल्लक असेल तर मी तो राखण्याच्याच बाजूचा आहे: कंपाउंडने हलके पॉलिश, उघड्या गंजावर गंजरोधक आणि वर मेण. ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून क्रोमवर घासला तर बराचसा तांबडेपणा निघून जातो. पुन्हा क्रोम करायचेच असेल तर खड्डे आधी घासून आणि तांब्याचा थर देऊन भरले जातात ना, हे विचारावे. नुसता वरचा थर दिला तर तेच खड्डे पुन्हा चमकत वर येतात.

रंगवायचेच ठरले तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. सकाळचे दव वाळल्यावर दहा वाजता सुरुवात करावी, म्हणजे पत्रा कोरडा असतो आणि रंग हवेतच सुकून खरखरीत होत नाही. पावडर कोटिंग टिकाऊ असते हे खरे, पण त्याची जाड आणि एकसारखी चमक जुन्या फ्रेमला शोभत नाही, आणि वेल्डिंगच्या मूळ खुणा व क्रमांक दोन्ही बुजतात. साधा ड्यूको रंग पातळ थरांत, दोन थरांमध्ये पुरेसा वेळ देऊन मारला तर तो येझदीवर अधिक खरा दिसतो. आधी फेंडरच्या आतल्या बाजूला रंगाचा जुना डाग शोधावा. तिथे ऊन पोहोचलेले नसते, त्यामुळे मूळ छटा तिथेच मिळते, आणि रंगवाल्याला जुळवायला तोच नमुना द्यावा.

पहिल्या लांब फेरीसाठी कोराडीपर्यंत जाऊन यावे. सोबत दोन नवे प्लग, प्लगचा पाना, एक क्लच केबल आणि मिसळलेले एक लिटर पेट्रोल ठेवावे, आणि हात संपूर्ण वेळ क्लचजवळ असू द्यावा. आवाज कोरडा वाटला तर विचार न करता क्लच दाबावा, कारण अडकलेल्या चाकापासून तोच वाचवतो. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे, प्लग काढून टोक पाहावे, हेडचे नट पुन्हा कसावेत, आणि घरात जाण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करावा. कार्बोरेटरमधील पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई रात्रभरात थोडी जरी गळली, तरी सकाळी क्रँककेसमध्ये पेट्रोल भरलेले असते आणि पहिल्याच किकेला पाय मागे फेकला जातो.